चोथ्याचं विरजण

तळेगाव (श्यामजी पंत) सोडून बातमीसाठी आष्टीच्या रस्त्याला लागलो आणि गाव दिसण्याआधी वास आला. नाल्याकाठी संत्र्याच्या चोथ्याचा (रस काढल्यावर उरलेला गर आणि साली) ढीग पडला होता. रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल लावला.

"रस लोकं पेतात, वास आमाले!"

रसकेंद्र गावातल्या महिला बचत गटाचं. ग्रामपंचायतीनं गटाला बजावलं होतं, चोथ्याचं काहीतरी करा, नाहीतर केंद्र बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचबाई पाहणीला येणार होत्या.

प्रज्ञा केंद्राच्या दारातच भेटली. ती याच गावची. जैवतंत्रज्ञान शिकून परतली आणि चोथ्याच्या मागे लागली. साल आधी वेगळी करायची, कारण तिच्यातलं तेल जिवाणूंना मारतं, असं तिनं समजावलं. उरलेला गर आंबवला की यीस्ट त्यातल्या साखरेची दारू करतं. मग जिवाणू त्या दारूचं व्हिनेगर करतात आणि वर जाड साय धरते. ती साय सुकली की चामड्यासारखी होते. त्याच सायीचं शिवलेलं पैशाचं एक पाकीट तिनं माझ्या हातात दिलं. मी जोर लावून ओढलं, पण ते फाटलं नाही.

"आता जिवंत साय पाहा," म्हणत तिनं शेडचं दार उघडलं.

टाक्या रिकाम्या होत्या आणि चकाकत होत्या. गटातल्या मंदाताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचं काम रस काढण्याचं, शेडमध्ये त्या क्वचितच येतात.

"पाहुणे येऊन राह्यले म्हनून आधनाच्या पान्यानं घासून काढल्या. वर शेंबडावानी साचलं होतं, बाप्पा!"

"मंदाताई, तेच तर दाखवायचं होतं!"

"मंग काऊन नाई सांगतलं?"

उकळत्या पाण्यातून काही वाचलं नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, "विरजण मोडलं तर शेजारून आणतात." सायीचा एक तुकडा तिनं तळेगावात लोणची विकणाऱ्या इंदूमावशींना व्हिनेगरसाठी दिला होता. तिनं लगेच फोन लावला.

"दिवेलागनीच्या आत ये," मावशींचा आवाज मलाही ऐकू आला. "दिवा लागल्यावर विरजन घराबाहेर जात नाई."

"मावशी, हे काही दुधाचं नाही."

"तूनंच तं विरजन म्हनून देल्लं होतं!"

आम्ही स्कूटरवरून निघालो. स्टीलचा डबा माझ्या मांडीवर होता. संत्र्याच्या बागांमागे सूर्य भराभर उतरत होता. अर्ध्या वाटेत एका ट्रॉलीचा फाळका निसटला होता आणि रस्ताभर संत्री पसरली होती.

"उचला अन् जा!" ट्रॉलीवाला ओरडला.

आम्ही उचलली. मोटारसायकलवाले उतरले, बसमधले प्रवासीही उतरले. मी शर्टाच्या ओच्यात संत्री भरून ट्रॉलीकडे धावत होतो. वाट मोकळी झाली तेव्हा आकाशात उजेडाची शेवटची रेघ होती.

तळेगावात शिरलो तर रस्त्यावरचे दिवे लागले होते. "गेलं," प्रज्ञा म्हणाली.

मावशी उंबरठ्यात उभ्या होत्या. हातात काडेपेटी होती.

"काऊन एवढा उशीर, वो? माहा देव अंधारात बसून राह्यला!"

त्यांनी बरणीतली साय अलगद डब्यात सरकवली, वर थोडं व्हिनेगर ओतलं. आम्ही उंबऱ्याबाहेर आल्यावरच त्यांनी काडी ओढली. मग आम्हाला परत आत बोलावून तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि भाकरी वाढली.

सकाळी सरपंचबाई आल्या. टाक्या घासल्या गेल्याचंही प्रज्ञानं सांगून टाकलं. बाईंनी सायीवर बोट दाबलं, व्हिनेगर हुंगलं, पाकीट उलटसुलट केलं.

"हे उसनं झालं. तुमच्या टाकीत धरते का, ते पाहू. हा बहार संपेपर्यंत केंद्र चालू द्या. पन नाल्यावर एक ट्रॉली नाई गेली पाहिजे."

"घासनीले कुलूप लावतो मी," मंदाताई म्हणाल्या. सरपंचबाईही हसल्या.

दुपारी त्याच रिक्षानं निघालो. प्रयोगशाळेतल्या बातम्या मी अनेक लिहिल्या. या बातमीतलं विज्ञान मात्र एका बाईनं दिवा लावायचं थांबवलं म्हणून टिकलं. नाल्याच्या वळणावर वास तसाच होता, जुना ढीग तिथंच होता. समोरून केंद्राचा ट्रॅक्टर चोथा भरून आला आणि सवयीनं नाल्याकडे वळला. मग थांबला. चालकानं इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रॉली हळूहळू मागे घेत शेडच्या रस्त्याला लावली.