एकट्याला रूम नाही

माझ्या थोरल्या साडूंच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: सामान असलेली आणि सामान नसलेली. जात, धर्म, शिक्षण, पक्ष या बाकीच्या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ. शिर्डीतल्या एका लॉजच्या काउंटरवर एकतीस वर्षं बसून त्यांनी जेवढी माणसं पाहिली तेवढी एखाद्या मंत्र्यानंही पाहिली नसतील, आणि मंत्र्याला निदान हात हलवून निघून जाता येतं. साडूंना त्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्यावं लागलं, चादर द्यावी लागली आणि सकाळी ती परत घ्यावी लागली. त्यामुळे माणसाकडे बघायला ते चेहऱ्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी हातातली बॅग, मग पायातली चप्पल, मग बरोबर कोण आहे ते, आणि एवढं सगळं पसंत पडलं तर शेवटी तोंड. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आमची मंडळी मागे जीपमधून उतरत होती आणि मी उतावळेपणाने एकटाच पुढे दारात पोचलो. दार साडूंनी उघडलं. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर कोण हाय?" मी नवरामुलगा आहे हे पटवून देण्यात माझी पाच मिनिटं गेली, आणि तोवर ते दारातून हलले नाहीत.

घर आणि लॉज यांत त्यांनी कधी फरक केला नाही. घरातल्या प्रत्येक किल्लीला लाकडी ठोकळा, अगदी गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीलासुद्धा. गरम पाणी पाच ते आठ. सव्वाआठला आंघोळीला निघालेल्या पाहुण्याला थंड पाण्याची बादली आणि वर दोन शब्द. आम्ही मुक्कामाला गेलो की सकाळी सहाला दारावर टकटक व्हायची आणि बाहेरून आवाज यायचा, "पाणी तापलंय." दिवाळी असो, ताप असो, टकटक चुकली नाही. पाहुणे निघाले की ते पलंगाखाली वाकून बघायचे, कारण गिऱ्हाईक काही ना काही विसरतंच. एकदा माझा एक पायमोजा राहिला, तर तो द्यायला ते एस.टी.नं राहुरीपर्यंत आले. मी शाळेत शिकवतो, तर चालू तास थांबवून त्यांनी मला वर्गाबाहेर बोलावलं आणि कागदात गुंडाळलेला मोजा हातात ठेवला. धुतलेला होता, इस्त्रीही केलेली होती. दोन महिने मुलं मला त्या मोज्यावरून चिडवत होती.

पण त्यांचा खरा नियम एकच होता, एकट्याला रूम नाही. लॉजच्या धंद्यात हा नियम जुना आहे. एकटा माणूस बंद खोलीत काय करून बसेल याचा नेम नसतो, आणि मग पोलीस, पंचनामा, बदनामी. बाकीचे लॉजवाले हा नियम पोलिसांच्या भीतीनं पाळतात आणि ओळखीच्यासाठी मोडतात. साडू मोडत नसत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका खोलीचं दार त्यांनी स्वतः उघडलं होतं आणि आत जे दिसलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून एकटा कोणी आला की प्रश्न सुरू. कुठनं आला, का आला, घरी कोण असतं, घरच्यांना ठाऊक हाय का, फोन लावा. नाशिकचे एक बँकेतले साहेब नवस फेडायला एकटेच आले होते. साडूंनी त्यांच्या बायकोला फोन लावायला लावला, तर ती भांडून माहेरी गेलेली. झालं. रूम नाकारली, पण साहेबांना स्कूटरवर बसवून घरी आणलं, अक्कांच्या हातचं जेवू घातलं, ओसरीत झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी थेट सासुरवाडीच्या गाडीत बसवून दिलं. दरवर्षी त्या जोडप्याकडून द्राक्षांची पेटी येते. "रूम दिली न्हाई," साडू द्राक्षं धुताना सांगायचे, "पण माणूस सोडला न्हाई."

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांना एकच मुलगा होता, वडिलांना तो दादा म्हणायचा. यात्रेकरूंना गाड्या भाड्यानं द्यायचं काम करायचा, हसरा, सगळ्या शिर्डीशी ओळख. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळता खेळता तो त्यात पार बुडाला, हे आम्हाला फार उशिरा समजलं. मागच्या उन्हाळ्यात तो कोणाला न सांगता गोव्याला गेला, कॅसिनो असलेल्या एका मोठ्या हॉटेलात चार दिवस राहिला आणि तिथंच त्यानं जीव दिला. 'त्रास देऊ नये' अशी पाटी दोन दिवस दाराला लटकत होती, म्हणून कोणी दार वाजवलं नाही. त्याला आणायला मी गेलो होतो. साडू चौदाव्या दिवशी परत काउंटरवर बसले. ते रडलेले मी पाहिले नाहीत. फक्त भेटेल त्याला एकच विचारायचे, "त्याला तिथं कुणी काही विचारलं असंल का हो?" पोलिसांना फोनवर विचारलं, मला चार वेळा विचारलं.  वर्षश्राद्धाला महिना उरला असताना ते राहुरीला आले आणि म्हणाले, "सर, मला तिथं एक दिवस ऱ्हायचंय. गिऱ्हाईक म्हणून. तुमी चला. एकट्यानं जानार न्हाई मी."

असे आम्ही दोघं त्या हॉटेलात उतरलो. दारातल्या डगलेवाल्यानं साडूंची बॅग घ्यायला हात पुढे केला, आणि दोघंही ती सोडीनात. शेवटी तिघं मिळून बॅगेसह आत गेलो. बॅगेत काय होतं ते मला माहीत होतं: घरची चादर, घरचं कुलूप, पाण्याची बाटली. आत छताला झुंबरं, जमिनीत आपलंच तोंड दिसावं असा दगड आणि हातात आल्या आल्या हिरवं सरबत. साडूंनी सरबताचा पेला धरून ठेवला, प्यायले नाहीत. काउंटरवर सावंतवाडीकडची एक मुलगी होती, तिला त्यांनी न विचारताच सांगितलं, "दोघं हाय आमी. सामान पन हाय." ती हसून "वेलकम काका" म्हणाली आणि किल्ली म्हणून पत्त्यांसारखी दोन कार्डं दिली. "किल्लीला ठोकळा न्हाई," लिफ्टमध्ये साडू पुटपुटले. "गिऱ्हाईक घेऊन जानार हे."

खोलीत त्यांनी गादी उचलून बघितली, चादर चिमटीत धरली, नळ सोडून पाणी किती वेळात तापतं ते घड्याळावर पाहिलं. काहीच खोट सापडेना. चादर नवी, पाणी लगेच गरम आणि चोवीस तास. जन्मभराच्या पाच ते आठचा असा अपमान त्यांनी मुकाट्यानं गिळला. फक्त न्हाणीघराची भिंत काचेची निघाली तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. "आंघुळ करनाऱ्याला काय शोकेसमधी ठेवायचंय का यांना?" आणि त्यांनी बॅगेतली घरची चादर काढून त्या काचेवर टांगली. मी हसलो. मग दाराच्या मागे अडकवलेली ती पाटी त्यांना दिसली. त्यांनी ती काढून हातात घेतली, दोन्ही बाजूंनी वाचली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मी खिडकीतून समुद्राकडे बघत उभा राहिलो. 

दुपारी ते म्हणाले, खेळतात ती जागा बघू. भर दुपारी त्या हॉलमध्ये दिवे लागलेले होते. खिडकी नव्हती, घड्याळ नव्हतं. टेबलांभोवती माणसं, मशिनींपुढे माणसं, आणि सगळीकडे ते टिंगटिंग वाजणं. साडू खांबाला टेकून अर्धा तास बघत होते, पत्त्यांकडे नाही, लोकांकडे. "सर," ते म्हणाले, "निम्मे तर एकटे हायेत." जवळच्या मशिनीपुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक जण एकच बटण दाबत बसला होता. साडू त्याच्याजवळ गेले आणि हिंदीत विचारलं, "खाना खाया क्या?" तो न बघता "हां" म्हणाला. साडूंनी नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण आहे विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला त्यानं मान वर केली, आणि चौथ्याला सुटाबुटातला एक माणूस येऊन साडूंना अगदी नम्रपणे म्हणाला, की पाहुण्यांना त्रास देऊ नका. आम्ही बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या वेळी, त्यांनी काउंटरवरच्या त्या मुलीला गाठलं.

"ताई, एकटा मानूस आला तर रूम देता?"

"हो, काका. देतो की."

"काय विचारता त्याला?"

"ओळखपत्र बघतो. किती दिवस राहणार ते विचारतो."

"का आला, घरी ठाऊक हाय का, ते?"

"तसं विचारलेलं गेस्टना आवडत नाही, काका. चिडतात."

"चिडू द्या की," साडू म्हणाले. आवाज चढला नव्हता, धंद्यातल्या धाकट्या माणसाला समजावून सांगावं तसं ते सांगत होते. "आमी न्हाई देत एकट्याला. चिडतं मानूस, शिव्या देतं, पन घरी जातं. घरी..." आणि ते मधेच थांबले. मुलीनं थोडी वाट पाहिली. मी मध्ये पडलो, कोणाबद्दल बोलतोय ते तिला हळूच सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. तिचा चेहरा पडला. ती तेव्हा इथं होती, पण रोज शंभर माणसं येतात, तिला तो आठवत नव्हता. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

बाहेर नारळाच्या झाडांखाली एक बाक होता. साडू तिथं बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"माझ्याकडं आल्ता तो आधी."

"कोण?"

"तोच. इकडं यायच्या आदल्या दिशी. काउंटरला उभा ऱ्हायला, म्हनला, दादा, दोन दिवस रूम द्या, घरी नको वाटतंय. मागं चार गिऱ्हाईकं हुती. मी म्हनलो, एकट्याला रूम न्हाई, पोराला बी न्हाई. सगळी हसली. तो पन हसला." त्यांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली. "मला वाटलं, जाईल घरी. परक्या मानसाला मी धा प्रश्न विचारतो, सर. त्याला एक बी विचारला न्हाई."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुमच्या अक्काला म्हाईत न्हाई. सांगू नका." मी हो म्हणालो. गाडीत शिर्डीपर्यंत मी मनात ठरवत होतो, की अक्कांनी विचारलंच तर काय सांगायचं.

म्हणून मी अक्कांना गमती सांगितल्या. माझी बायकोही तिथं आली होती. तिथल्या नाश्त्याला साठ पदार्थ होते आणि साडूंनी सगळ्यांची झाकणं उघडून बघून शेवटी पोहे घेतले, हे सांगितलं. निघताना त्यांनी पलंगावरच्या चादरी काढल्या, टॉवेल घड्या केले, सगळं गाठोडं डोक्यावर घेऊन लिफ्टमधून खाली आणलं आणि झुंबराखाली उभं राहून त्या मुलीला म्हणाले, "बघून घ्या, काय कमी न्हाई," हेही सांगितलं. लिफ्टमध्ये एक लग्नाचं वऱ्हाड होतं. अक्का हसल्या. अकरा महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. साडूही कोपऱ्यात बसून ओठांत हसत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी आणखी एक गंमत आठवायला लागलो, तेवढ्यात अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "त्याला तिथं कुनी विचारलं हुतं का काय?"

मी साडूंकडे पाहिलं. मी खोटं बोलणार होतो, शब्द तयार होते. पण साडूच बोलले. "तिथलं जाऊ दे. माझ्याकडं आल्ता तो आधी. मी रूम दिली न्हाई."

"म्हाईत हाय मला," अक्का म्हणाल्या.

साडूंनी मान वर केली.

"फोन केल्ता त्यानं तवा. दादानं रूम दिली न्हाई म्हनला. हसत हुता. मी पन हसले. म्हनलं, बरूबर केलं त्यांनी, ये आता घरी. पिठलं टाकते म्हनलं." अक्का हाताच्या बांगड्या फिरवत होत्या. "तुमाला कसं सांगू, म्हनून गप ऱ्हायले."

मी बायकोला खूण केली आणि आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो.  आतून साडूंचं रडणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. माझी बायको आत जायला उठली, मी तिला बसवलं.

परवा शिर्डीला गेलो तेव्हा लॉजवर डोकावलो. काउंटरपुढे पन्नाशीचा एक माणूस उभा होता, एकटाच, हातात साधी पिशवीही नाही. साडूंनी त्याच्या पायांकडे बघितलं नाही, रिकाम्या हातांकडे बघितलं नाही. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रूम द्यायची की नाही हे विचारायला मालकांना फोन लावला. मालकांचा फोन लागत नव्हता. साडूंनी दुसऱ्यांदा लावला नाही. ते काउंटरच्या बाहेर आले, त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बोला. घाई न्हाई काय."