हंबीररावांची पांगलेली पंगत

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात भैरोबाच्या यात्रेचा महाप्रसाद हंबीररावांच्या हुकमानं वाढला जातो. फौजेतून सुभेदार होऊन परतले, तेव्हापासून हा मान दुसऱ्या कुणाकडे गेलेला नाही.

त्यांची रीत एकच. धिप्पाड वाढपी एकामागे एक चिकटून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रेटत न्यायचे. शिस्त बघून देवही सावरून बसत असेल. पण शेवटच्या ओळीतल्या बायकांच्या पानात आमटी पोचेपर्यंत भाताचा गार गोळा व्हायचा. गेल्या वर्षी तर ती ओळ आमटीविनाच उठली. मग मंडळाच्या शिवतेजनं तोंडावर सांगितलं, "आबा, औंदाबी असंच झालं तर फुडल्या साली केटरर. तुमी खुर्चीत बसून नुस्ता आशीर्वाद द्यायचा."

तो आशीर्वाद हंबीररावांना गोळीसारखा लागला.

त्यांची लेक सृष्टी अमेरिकेत शिकते. तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलचं वेड तिनंच बापाला लावलं. हा फुटबॉल लाथेनं खेळायचा नव्हे. डोक्याला हेल्मेट घालून, चेंडू पोटाशी धरून पळायचं. रविवारी सकाळी पत्नी विजयमालाबाई देवपूजेला बसल्या, की हंबीरराव मोबाईल घेऊन बाहेरच्या सोप्यात. जुन्या चालीचे संघ त्यांच्या जिवाचे. सगळे दांडगे मधोमध गोळा होणार, चेंडूवाला त्यांच्या आडोशाला, आणि चार-चार पावलं रेटत समोरच्याला दमवणार. "ह्याला म्हणायचं खेळ!" नवे संघ गडी मैदानभर पांगवतात. मग अडवणाऱ्यांनाही पांगावं लागतं, मधे वाट पडते, नाहीतर कडेच्या गड्याकडे लांब फेक. हंबीररावांना ही पळपुट्यांची कला वाटे. यंदा नेमकी सृष्टीच्याच कॉलेजनं चाल बदलली, आणि वर जिंकायलाही लागलं.

"आबा, तुमची पंगतबी जुन्याच चालीची हाय," सृष्टी फोनवर हसली. "पांगवा की गडी."

"पंगत हाय ती, पोरी. आमटी काय लांबनं फेकून मारू?"

देवघरातली घंटी थांबली. "मारा की. गेल्या साली तेवढीबी मिळाली न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि घंटी पुन्हा सुरू झाली.

यात्रेच्या दिवशी हंबीररावांनी वाढपी चारी कोपऱ्यांत उभे केले. कारण कुणाला सांगितलं नाही. भाताच्या पाट्या आधीच कोपऱ्यांत ठेवलेल्या, त्यामुळे भात एका झटक्यात सगळ्या पानांत पडला. शिवतेज बघतच राहिला. मग आमटीची पाळी आली. गडी चार दिशांना, पण आमटीची काहील एकच! चारी कोपऱ्यांतले वाढपी बादल्या घेऊन एकदमच तिच्यावर धडकले. त्यात पुढच्या पंगतीची वाट बघणारे भोवती दाटीनं उभे. कुणालाच हलता येईना. भात निवायला लागला.

"आबा, खुर्ची मांडू का?" शिवतेज ओरडला.

हंबीररावांनी काहिलीभोवतीची दाटी पाहिली. फुटबॉलच्या मैदानात शेवटच्या रेषेपाशी पांगायला जागाच उरत नाही, आणि तिथं नवे संघही मुकाट्यानं दांडगे गोळा करतात, हे त्यांनी कितीतरी रविवार पाहिलं होतं.

"बाकीच्यांनी आपापल्या कोपऱ्यात जावा! भाऊसो, अर्जुना, माझ्या म्होरं व्हा. छाती काढा!"

त्या दोन पहाडांच्या आडोशाला, भरलेली बादली पोटाशी धरून, सुभेदार निघाले. "सरका रं, कढत हाय!" गर्दी फाटली. बाहेर पडताच बादली कोपऱ्यातल्या वाढप्याच्या हाती, आणि हे पुन्हा काहिलीकडे. सदरा पिवळा झाला, पोट भाजलं, पण थांबले नाहीत.

शेवटच्या ओळीत विजयमालाबाईंनी भातात आळं करून ठेवलं होतं. त्यात आमटी पडली तेव्हा वाफ चष्म्यावर आली. त्यांनी भैरोबाला हात जोडले आणि पहिला घास घेतला.

शिवतेज जवळ आला. "जितलं, आबा. फुडल्या सालीबी तुमीच. फकस्त काहिली दोन मांडू, म्हंजी गर्दी हुणार न्हाई."

"दोन?" हंबीररावांचा चेहरा पडला. "मग मी रेटायचं कुठनं?"

"आवं, रेटायचं ऱ्हाऊ द्या," विजयमालाबाई पानावरून मान वर न करता म्हणाल्या, "मीठ कमी हाय. तेवढं वाढा."