पूर्णिमाताईंचा स्वच्छ बायोडेटा

सदाशिव पेठेत पूर्णिमाताई उमाट्यांचं डीटीपीचं दुकान आहे आणि लग्नाचे बायोडेटा ही त्यांची खासियत. ताई मूळच्या वर्ध्याच्या. इथल्या गिऱ्हाइकांना उत्तरं देऊन देऊन जीभ पुण्याची झाली, पण राग आला की वर्धा बाहेर येतं.

बायोडेटा करायला कुणी कोऱ्या पानापासून सुरुवात करत नाही. आतेबहिणीचं जमलं ना, मग तिचीच फाइल शुभ म्हणून आणायची आणि तिच्यावर आपली माहिती चढवायची. वरून सगळं नवं, पण फाइलच्या पोटात जुनं नाव तसंच. एकदा हिंजवडीतल्या एका चौकस उपवर मुलाने फाइलची आतली माहिती उघडली आणि विचारलं, "मुलगी नम्रता ना? मग ही गोदावरी कोण?" नम्रताचे वडील दुकानात येऊन म्हणाले, "अहो, आम्हाला मुलगी एकच आहे. दुसरी तुम्हीच दिलीत."

ताईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून फाइलच्या पोटातली नावं, कडेच्या टिपा, खोडाखोड सगळं काढायचं आणि मगच पीडीएफ. वर गिऱ्हाइकाला दम, "उंची कुणी वाढवली ते फाइल विसरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आधी नीट झाका तरी!"

मग घरच्याच लेकीची पाळी आली. नवरा गेल्यावर ताईंनी स्वरालीला एकटीनं वाढवलं होतं. ताईंनी लिहिलं, "शांत स्वभाव." लेकीनं ते खोडून कडेला टीप लिहिली, "कुणाचा?" ताईंनी "स्वयंपाकाची आवड" घातलं, लेकीनं "खाण्याची" केलं. इथवर हसण्यावारी गेलं. पण अपेक्षांच्या खाली स्वरालीनं लिहिलं, "आई एकटी आहे. लग्नानंतरही तिची जबाबदारी माझी राहील."

स्वरालीनं हेच तोंडी सांगितलं म्हणून आधीचं एक चांगलं स्थळ परत गेलं होतं. ताईंनी ती ओळ खोडली. स्वरालीनं परत लिहिली.

"काय लिहून राहिली तू हे? अशानं कोण येईल आपल्या दारात?"

"नको येऊ दे."

आपल्यापायी पोरीचं लग्न अडायला नको, एवढीच धास्ती ताईंच्या जिवाला होती. लेक ऑफिसला गेल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा खोडली.

त्यातच कात्रजचं स्थळ आलं. दिग्विजयचा फोटो पाहून स्वराली "बरा आहे" म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं. तेवढ्यात त्याच्या आईचा, मुक्ताईबाईंचा फोन आला. दिग्विजयचे मामा आलेत, बायोडेटा लगेच पाठवा. ताईंनी गडबडीत वर्डची फाइलच व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांच्या स्क्रीनवर ती स्वच्छ दिसत होती, कारण खोडाखोड त्यांनी नुसती लपवली होती, काढली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

संध्याकाळी स्वरालीनं तीच फाइल आपल्या फोनवर उघडली तर पान लालेलाल. कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, सगळं नावानिशी.

"आई, हे असं गेलंय त्यांना!"

ताईंनी फोन हातात घेऊन पान वर-खाली करून पाहिलं. आणखी एक स्थळ आपणच घालवलं असं त्यांना वाटलं. पण मुक्ताईबाईंचा निरोप आला, "रविवारी येतो."

रविवारी मायलेक आले, पोहे झाले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. फाइलचं नाव कुणी काढेना.  शेवटी ताईंनाच राहवलं नाही.

"ती जबाबदारीची ओळ मनावर घेऊ नका हो. पोरीनं उगाच लिहिलं होतं."

"उगाच? तुम्ही खोडलीत, तिनं परत लिहिली, तुम्ही पुन्हा खोडलीत," मुक्ताईबाई म्हणाल्या. "आम्ही बायोडेटे पुष्कळ वाचले. गुण सगळ्यांचे सारखेच असतात. तुमच्या पोरीची ती ओळ वाचली आणि म्हटलं, हिला भेटायचंच."

दिग्विजय जरा पुढे सरकला. "काकू, मामांना छापील प्रत हवी आहे. पण त्या ओळीसकट."

"देते हं," ताई म्हणाल्या. त्या पदराने डोळे पुसत उठू लागल्या, तशी स्वरालीनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"मी करते," ती म्हणाली. "तू कीबोर्डला हातसुद्धा लावायचा नाही."