बांकुड्याच्या वहीतले तात्या

मी गाव सोडलं त्या सकाळी तात्या ओढ्यात मांडीभर पाण्यात उभे होते. १९९३ साल, दिवाळी नुकतीच झालेली. आमच्या आजरा तालुक्यात पावसाळा ओढ्यावरचा साकव दरवर्षी वाहून नेतो आणि पाणी ओसरलं की वाडी तो पुन्हा बांधते. साकव म्हणजे लाकडाचा पायपूल. पोरांना पलीकडच्या शाळेत जायला तेवढीच वाट. तात्या, म्हणजे माझे वडील, सुतार. त्यांच्याशिवाय तो उभा राहत नसे. मी सुटकेस डोक्यावर घेऊन अर्धवट फळ्यांवरून पलीकडे गेलो. तात्यांच्या दोन्ही हातांत खांब होता, त्यामुळे हात हलवून निरोप देण्याचा प्रश्नच नव्हता. ते एवढंच ओरडले, "त्यो कडंचा खुंटा हलवून बघ रं, घट्ट हाय का?" मी हलवला, "घट्ट हाय" म्हणालो आणि एस.टी. पकडली.

व्हिसा आला त्या दिवशी मात्र ते बोलले होते. "लाकूड काय, दरसाल वाहून जातंय. हात ऱ्हायला पाहिजेत." 

दुबईतल्या अल कुसैसला एका जॉइनरीत, म्हणजे सुतारकामाच्या कारखान्यात, मी दारं आणि किचन कॅबिनेट करायचो. खोलीत आम्ही सहा जण. माझ्या खालच्या बंकवर परिमलदा, पॉलिशवाला, बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्याचा. त्याचा खसखशीवर जीव. खसखस अफूच्या झाडाची म्हणून इथे आणली तर थेट जेल, त्यामुळे बायकोपेक्षा खसखशीची आठवण तो जास्त काढायचा. त्याच्याकडे एक जाड निळी वही होती. तीत बांकुड्याच्या थोर माणसांची यादी होती: नाव, गाव, काम, जन्म आणि मृत्यू. एक चित्रकार, एक संपादक, इंग्रजांच्या तुरुंगात गेलेल्या दोन बायका, एक वैद्य, मातीचे घोडे करणारा एक कुंभार. शुक्रवारी कपडे धुऊन झाले की तो ती मोठ्याने वाचायचा. आम्हाला ऐकावंच लागे, कारण डाळ त्याच्या हातची असे. "हमारा जिला में और कुछ नहीं होता," तो म्हणायचा, "सिर्फ आदमी होता है."

एका शुक्रवारी त्याने मला विचारलं, "तुम्हारा उधर कौन हुआ?" मी जी नावं घेतली ती त्याला पाठ होती. ती सगळ्या महाराष्ट्राची. त्याला माझ्या तालुक्यातलं माणूस हवं होतं. एकही आठवेना. मला झोंबलं. मग तोंडातून निघालं ते साकवाबद्दल. एक सुतार होता, म्हटलं, दरवर्षी वाहून जाणारा पूल त्याने दरवर्षी बांधला. परिमलदा उठून बसला. "हर साल? वही पुल?" त्याने पेन्सिल काढली. ते माझे वडील, हे मी सांगितलं नाही. आपल्याच बापाची टिमकी काय वाजवायची!

"मरा कब?" त्याने विचारलं. वहीचा नियम होता, फक्त गेलेली माणसं. "जिंदा आदमी का क्या भरोसा? कल चोरी करेगा तो हमारा कॉपी खराब." खरं सांगितलं असतं तर ओळ गेली असती. मी म्हणालो, "गए साल." त्याने ते लिहून घेतलं.

पुढच्या सरस्वतीपूजेला, १९९७ च्या फेब्रुवारीत, तो मला दुबईतल्याच देराला घेऊन गेला. एका रेस्टॉरंटवरच्या हॉलमध्ये बांकुड्याचे तीसेक लोक जमले होते. पूजा झाली, खिचडी व्हायची होती. मधे त्यांचा एक रिवाज: जिल्ह्यातल्या थोरांची नावं वाचायची आणि सगळ्यांनी मिनिटभर उभं राहायचं. शेवटी परिमलदाने पाहुण्या जिल्ह्याचं म्हणून एक नाव वाचलं. माझ्या तात्यांचं. तीस माणसं माना खाली घालून उभी राहिली, त्यांच्यात मीही. माझे तात्या तेव्हा गावात बहुधा जेवायला बसले असतील.

खिचडी न खाताच मी खाली बूथवर गेलो आणि कार्ड घालून गावच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकान शाळेच्या बाजूला, घर ओढ्याच्या पलीकडे. मी थांबून राहिलो. भीती वाटत होती, अगदी लहान पोरासारखी. तात्या धापा टाकत आले. "काय झालं रं?"

"काही नाही. साकव कसा आहे?"

"घट्ट हाय की. त्यावरनंच आलो न्हवं? हे इचारायला फोन केलास व्हय?"

मी हो म्हणालो.

परत वर जाऊन परिमलदाला सगळं सांगितलं. आमच्याकडे कोणाच्या डोक्याला कावळा शिवला तर तो मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना कळवतात, कोणी रडलं की अरिष्ट टळतं, हेही सांगितलं. स्वतःलाच समजावत असणार. त्याने वही मांडीवर घेतली. मग म्हणाला, "तीस आदमी खड़ा हुआ. अब तुम्हारा बाप बहुत जिएगा." वही उघडून त्याने मृत्यूचं साल रबराने खोडलं. नाव खोडलं नाही. त्या वहीतला तो एकमेव जिवंत माणूस. "जगह खाली रहेगा," तो म्हणाला. "खाली ही अच्छा."

कंपनी सुट्टी द्यायची ती जुलैत. त्यामुळे मी घरी जायचो तेव्हा साकव वाहून गेलेला असायचा आणि बांधायच्या वेळी मी इथे. तात्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दरवेळी निघताना मी म्हणायचो, पुढच्या वर्षी दिवाळीत येतो. पुढे तिथे सिमेंटचा पूल झाला आणि ते म्हणणंही बंद पडलं.

२००३ च्या ऑक्टोबरात तात्या गेले. मी दुसऱ्या दिवशी पोचलो, जीपने, त्याच पुलावरून. कार्य आटोपल्यावर एकटाच ओढ्यावर गेलो. काठावर जुन्या साकवाचा एक खुंटा अजून होता. हलवून बघितला. घट्ट होता. सांगायला कोणी नव्हतं. तेव्हा मी रडलो.

बायको आणि मुलगी तोवर इथे राहायला आल्या होत्या. परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मुलीला घेऊन तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला गेलो. परिमलदा आता तिथल्या एका वर्कशॉपमध्ये होता, केस पांढरे झालेले. माझं मुंडण बघून, मी काही बोलायच्या आत त्याने वही काढली. तात्यांच्या ओळीत जन्मसालापुढे एक छोटी रेघ आणि रबराने खरबरीत झालेला कागद. त्याने पेन्सिल बाजूला ठेवली आणि मला पेन दिलं. "तुम लिखो." मी मराठी आकड्यांत साल लिहिलं. ते त्या बंगाली पानावर जरा वेगळंच दिसत होतं.

परिमलदा बोट ठेवून एकेक ओळ सांगत होता, मुलगी वाकून बघत होती. चित्रकार, वैद्य, कुंभार, तुरुंगात गेलेल्या बायका, आणि शेवटी तिचे आजोबा. "बाबा, हू आर ऑल दीज पीपल?"

गावी राहिलेल्यांनो, हसू नका. आणि माझ्यासारखे जे निघून आलात, तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, "आपल्या गावची माणसं."

परिमलदाने मान डोलावली आणि वही मिटली.