साडेदहाची पाळी

आमच्या आप्पांइतका पोटात काही न राहणारा, आणि तरीही दिलेला शब्द एकदाही न मोडणारा माणूस उभ्या दौंड तालुक्यात सापडायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमतात, असं कुणालाही वाटेल. मलाही लग्नानंतर वर्षभर वाटत होतं. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बॉयलर तिकडेच राहिला, पण तिथली पद्धत मात्र ते घरी घेऊन आले. मी कुकर लावला की स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचे, शिट्ट्या मोजायचे आणि तिसरीनंतर गॅस बंद झाला नाही की खाकरायचे. सिलेंडर बदलला की खिळ्याला टांगलेल्या वहीत तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याची सही हवी म्हणजे हवी. रविवारी उपासनेलासुद्धा कंपनीचे लोखंडी टोपीचे बूट घालून यायचे आणि भेटेल त्याला, अगदी एसटीच्या कंडक्टरलाही, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीप्रमाणे हात उंचावून सलाम करायचे. कंडक्टर बिचारा तिकीट द्यायचं सोडून उलट सलाम करायचा.

पण आप्पांचं खरं रूप दिसायचं ते प्रार्थनेत. देवाला पत्ता नीट सांगितला पाहिजे, नाहीतर आशीर्वाद भलत्याच घरी जातो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे कुणाच्या आजारासाठी प्रार्थना करायची तर पिठाच्या गिरणीपासून डावीकडे वळून हिरव्या गेटपर्यंत ते देवाला चालवत न्यायचे. माझ्या लग्नात त्यांनी वऱ्हाडाचा शिरूर ते दौंड हा सगळा रस्ता देवापुढे मांडला, आणि न्हावऱ्याच्या पुढं खड्डे हायेत, तिथं जरा जास्त सांभाळ, असं डोळे मिटून बजावलं. माझे पपा शिरूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लग्नपत्रिकासुद्धा परत पाठवतील असे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "देवाला सगळे रस्ते माहीत असावेत, असा माझा इतके दिवस समज होता." त्या दिवसापासून आप्पांचा आवाज ऐकला की पपांच्या कपाळाला आठी पडायची.

आणि शब्द न मोडण्याबद्दल. कुणी सांगितलं, की आप्पा, प्रार्थना करा पण माझं नाव घेऊ नका, तर आप्पा मरेपर्यंत नाव घ्यायचे नाहीत. एकदा एका बाईंनी घरातल्या भांडणासाठी त्यांना अशी गळ घातली. रविवारी आप्पा भर मंडळीत उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यातली एक भगिनी हाय. नाव घेनार न्हाई. पेटीच्या उजव्या अंगाला बसती, आज जांभळी साडी नेसलीया." सगळ्या माना एकदम उजवीकडे वळल्या. त्या बाई पुढे महिनाभर देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आल्या नाहीत, आणि त्या येत नाहीत म्हणून आप्पांनी त्यांच्यासाठी नाव न घेता पुन्हा प्रार्थना केली.

अशा माणसाला मी माझ्या पपांचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. पपांना तंबाखूची जुनी सवय. डाव्या गालात आतून एक जखम झाली होती, ती महिना उलटला तरी भरेना. शिरूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि तिथल्या तिथे पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. पुण्याला तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. आई जाऊन चार वर्षं झालेली, मी एकुलती एक. पपांनी मला बजावलं होतं की या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, मला कुणाची कीव नको. त्यांच्याजवळ राहायला जायचं म्हणून चार कपडे घ्यायला मी दौंडला आले, तेव्हा आप्पा दारातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी नुसतं "काय झालं, सूनबाई?" विचारलं आणि माझा बांध फुटला. शेवटी मी त्यांना शपथ घातली की पपांचं नाव कुठेही घेऊ नका. आप्पा म्हणाले, "न्हाई घेनार. पर रिपोर्ट येईस्तवर जागा मोकळी ठिवायची न्हाई."

जागा म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. कंपनीत चालू बॉयलर सोडून कुणाला जाता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन चार्ज घेईल तेव्हाच आधीच्याने उठायचं. आप्पांनी प्रार्थनेची तशीच पाळी लावली. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर अर्ध्या तासाला एक माणूस. रात्रपाळी देव स्वतः करतो, असं त्यांचं म्हणणं. देवळातली माणसं पुरेनात, तेव्हा त्यांनी कंपनीतले जुने गडी धरले. त्यात बिहारचा एक वेल्डर होता, तो वेळ झाली की फोन करून "चार्ज ले लिया" एवढंच सांगायचा. एक माळकरी शेतकरी होता. आपल्याला तुमची पद्धत येत नाही, पण गोठ्यात बसून आपल्या देवाचं नाव घेईन, असं त्याने आधीच कबूल करून घेतलं होतं. सगळ्यांना आप्पांनी हाताने आखलेल्या तक्त्याचा फोटो पाठवला. कंपनीच्या तक्त्यावर सगळ्यात वर बॉयलरचा नंबर लिहितात. इथे वर काय लिहायचं? नाव घ्यायचं नव्हतं. म्हणून आप्पांनी तिथे पपांचा मोबाईल नंबर लिहिला.

यातलं काहीही माहीत नसताना मी शिरूरला पपांजवळ येऊन राहिले होते. पाचव्या दिवशी सकाळी पपांचा फोन वाजला. पलीकडून तो माळकरी शेतकरी बोलत होता. त्याचा रिलीव्हर फोन उचलत नव्हता, आणि तक्त्यावर सगळ्यात वर नंबर आहे म्हणजे तो साहेबाचाच असणार, असा त्याचा हिशेब. त्याचं बोलणं खणखणीत, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. "साहेब, दहाचा मी बसलो. आता साडेधाला लाईट येनार, उसाला पानी द्यायचंय. चार्ज कुनाला देऊ?"

पपांनी विचारलं, कसला चार्ज.

"शिरूरचं कोन मास्तर हायेत, त्येंच्यासाठी देवाचं नाव घ्यायचं, तक्त्यावर पाळ्या लावल्यात. तोंडात कायतरी झालंया म्हनं. नाव आप्पांनी सांगितलं न्हाई. आप्पा तसं शब्दाचं पक्कं."

आता पपा फोनवर काय बोलतील, आणि फोन ठेवल्यावर मला काय म्हणतील, या भीतीने मी तशीच उभी राहिले. पपांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता फोनमध्ये म्हणाले, "तुम्ही जा पाण्याला. मी बसतो."

आणि ते खरंच बसले. फोन ठेवून, चष्मा काढून, हात जोडून, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे पुरा अर्धा तास. बरोबर अकराला डोळे उघडले, तक्त्यावरच्या पुढच्या माणसाचा नंबर माझ्याकडे मागितला. तक्ता मी बघितलेलाही नव्हता. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ते शिरूरचे मास्तर फार घाबरलेत गं."

आई गेली तेव्हासुद्धा पपा असं काही बोलले नव्हते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि आम्ही दोघं, त्या मास्तरांना काय काय वाटतं, त्यांना मुलीची किती काळजी वाटते, रिपोर्ट वाईट आला तर त्यांनी काय करावं, हे सगळं नाव न घेता दुपारपर्यंत बोललो. नाव घेतलं असतं तर आम्हाला त्यातलं एक वाक्यही बोलता आलं नसतं. उरलेले दिवस साडेदहाची पाळी पपांनीच केली.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता, अक्कलदाढेची तुटकी कड गालाला घासत होती आणि तंबाखू ती जखम भरू देत नव्हती. दाढ काढली, तंबाखूची पुडी डॉक्टरांनी आपल्यासमोर कचऱ्यात टाकायला लावली. पपांनी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून आप्पांना फोन केला आणि सांगितलं, "व्याहीबुवा, शिरूरच्या त्या मास्तरांचा रिपोर्ट चांगला आहे." आप्पा म्हणाले, "कोन मास्तर? मी तर कुनाचं नाव घेतलं न्हाई." आणि बॉयलर काही एकदम बंद करत नाहीत, हळूहळू थंड करतात, असं म्हणून त्यांनी पाळी आणखी तीन दिवस चालू ठेवली.

यंदा आप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. स्टूल रिकामं आहे, आणि कुकरच्या शिट्ट्या आता मीच मोजते. तिसरीनंतर कुणी खाकरत नाही, त्यामुळे दोनदा भात करपला. तक्ता आता शिरूरहून निघतो, पपांच्या वळणदार अक्षरात, एकही शुद्धलेखनाची चूक नसलेला. त्यावर कुणाचंही नाव नाही. सगळ्यात वर आप्पांचा नंबर आहे.

दर मंगळवारी पपा शिरूरहून एसटीने येतात आणि आप्पांच्या खाटेशी बसतात. परवा आले तेव्हा आप्पांचा डोळा लागलेला वाटला. पपांनी हळूच खुर्ची ओढली आणि त्यांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला. आप्पांनी डोळे न उघडता जड जिभेने विचारलं, "रिलीव्हर आला का?"

"आलोय," पपा म्हणाले. "तुम्ही पडा."

आप्पांनी एक डोळा उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिन्टं उशीर."

शाळेत चाळीस वर्षं कुणाचं ऐकून न घेतलेले माझे पपा मान खाली घालून म्हणाले, "एसटी चुकली हो. पुन्हा नाही होणार." आप्पांनी डोळा मिटला. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.