आखूड मुठीचं हलकं धनुष्य

"मुलींच्या हातात जोर नसतो," हे वाक्य आमचे सर इतक्या मायेने उच्चारायचे की ऐकणारीला तो आशीर्वादच वाटावा.

मालवणातल्या आमच्या तिरंदाजी क्लबात मुलींसाठी वेगळी सोय होती. सुटं होणारं धनुष्य तीन तुकड्यांचं असतं. मधली धातूची मूठ, तिला रायझर म्हणतात, आणि तिच्या वर-खाली बसणारी दोन लवचीक पाती, ती लिंब. मुलांना पंचवीस इंची मूठ, मुलींना तेवीस इंची. पाती मात्र सगळ्यांची सारखीच, अठ्ठावीस पाउंड ओढीची. आखूड म्हणजे लहान, लहान म्हणजे हलकं, हलकं म्हणजे मुलींचं. उंचीने मी क्लबातल्या निम्म्या मुलांच्या वर होते, पण असल्या गणितात उंचीला कोण विचारतो?

जिल्ह्याची निवड चाचणी जवळ आली आणि शेवटच्या फेऱ्यांत माझा हात थरथरू लागला. सुरुवातीचे बाण पिवळ्या वर्तुळात, नंतरचे मैदानामागच्या सुरूच्या झाडांत. सरांनी निकाल आधीच सुनावला, "शनिवारच्या सरावात शेवटपर्यंत हात टिकला तर चाचणीला तू. नाहीतर दुसरी कोणीतरी."

सर शास्त्रीय विचारांचे. त्यांनी लगेच शास्त्रीय उपाय केला, ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांना त्यांनी आधी अडचण समजावली होती की बहुतेक लिंबात काहीतरी आहे. मानकऱ्यांना लिंब एकच ठाऊक, सरबताचं आणि नजर उतरवायचं. देवळात आम्ही मुली ओळीने उभ्या आणि त्यांचा खणखणीत आवाज, "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवांच्या लिंबाक कोणाची वायट नजर लागली असात, तर ती उतरून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी सर ओरडले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलीच्या धनुष्याला एकेक लिंबू टांगलेलं होतं. म्हणजे हलक्या धनुष्याचं वजन तेवढं वाढलं. हात थरथरायचा तो थरथरतच राहिला.

माझे वडील शिक्षक संघटनेचे. आमच्या घरात आरत्यांपेक्षा पत्रकं जास्त, आणि मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. तेव्हापासून सवय आहे, मोठा मथळा सोडून आधी खालची बारीक ओळ वाचायची. पात्यावर मोठ्या अक्षरांत अठ्ठावीस पाउंड छापलेलं होतं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही ओढ पंचवीस इंची मुठीवरची. निवडणुकीतल्या आश्वासनासारखं, अटी लागू.

आणि अट सरळ होती. मूठ आखूड झाली की पूर्ण धनुष्यच आखूड होतं. हनुवटीपर्यंत दोरी मात्र तेवढीच ओढायची असते. मग तीच पाती जास्त वाकवावी लागतात, आणि जास्त वाकवायचं म्हणजे जास्त जोर. मुलींना हलकं म्हणून जे दिलं होतं, ते मुलांच्यापेक्षा जड होतं!

मी त्या संध्याकाळीच पत्रक लिहायला बसले. वडिलांनी खांद्यावरून मथळा वाचला, 'आखूड मूठ, लांब थापा'.

"मथळा झकास आहे," ते म्हणाले. "पुरावा खंय आसा?"

पुरावा मासळीच्या जेटीवर होता, लिलावाच्या शेडमध्ये टांगलेल्या काट्याच्या रूपाने. मुलांच्या कपाटात एक लांब मूठ नुसतीच पडून होती, ती मी उचलली, तिच्या मापाची दोरीही घेतली. काट्याची मालकीण मावशी सुरमईचे तुकडे करत होती.

"काय गो चेडवा, ह्या काय इकूक हाडलंस? किलोक काय भाव?"

"इकूक नाय गो मावशी, वजन करूचा आसा."

"मगे काट्याक काय झाला तर तुझ्या बापाशीक धरतलंय हां!"

माझी पाती लांब मुठीवर चढवली, काट्याच्या आकड्यात दोरी अडकवली आणि बाणावर केलेल्या माझ्या पूर्ण ओढीच्या खुणेपर्यंत मूठ खाली ओढली. लांब मूठ, पावणेतेरा किलो, म्हणजे छापलेले अठ्ठावीस पाउंड. मग तीच पाती, तीच खूण, फक्त मूठ आखूड आणि तिची दोरी. साडेतेराच्या वर. जवळजवळ एक किलोचा फरक, प्रत्येक बाणामागे, आणि सरावाला बाण शंभराच्या वर. मावशीने मोबाइलवर दोन्ही वेळचे फोटो काढून दिले. एका फोटोत तिचा अंगठा आहे, पण आकडा दिसतो.

शनिवारी सरावाआधी मी पत्रकं वाटली. सरांनी एक वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं.

"हा काटा माशांचा आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले.

"हो सर. माशांना खोटं बोलता येत नाही."

शुद्ध मराठी तिथेच संपली. "माका शिकवतंस? तू माका?" मग आवाज खाली आला. "बरां, ती लांब मूठ तू घे. पत्रकं गोळा कर. विषय संपलो."

"आणि बाकीच्या मुली?"

"त्यांचा तुका कित्या?"

मी लांब मूठ त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, सगळ्यांचं होणार नसेल तर मी आखूडच ओढते आणि घालवते माझी जागा. आवाज ठाम होता. 

 सरांनी खिशातून वाकडी किल्ली काढली आणि मुठीवर पाती धरून ठेवणारे बोल्ट माझ्या धनुष्यापासून सुरुवात करून एकेका मुलीचे थोडे थोडे सैल केले. बोल्ट सैल झाले की ओढ उतरते. एवढंच करायचं होतं. ती किल्ली आम्ही क्लबात आल्यापासून त्यांच्या खिशात होती!

त्या दिवशी शेवटचा बाण पिवळ्यात गेला नाही, त्याबाहेरच्या लाल वर्तुळात गेला. पण हात स्थिर होता. चाचणीला मी गेले आणि संघातही आले, शेवटच्या जागेवर.

नंतर एकदा एका नव्या मुलीच्या आईला सर मैदानावर समजावत होते, "मूठ आखूड असेल तर ओढ वाढते, वहिनी. म्हणून पाती कमी पाउंडांची घ्यायची. लोकांना हे कळत नाही, मी पहिल्यापासून सांगतोय."

आई भारावून मान हलवत होती. माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं. पण मुलीच्या हातातल्या पात्यांवर चोवीस लिहिलेलं दिसलं, आणि मला तेवढं पुरलं. जवळजवळ पुरलं.