उलटं वाचलेलं पुस्तक

“जे आपणहून हातात येतं, ते आधी उलटं करून बघावं,” असं नाम सोक-जू एकदा म्हणाले होते. उभा जन्म कोरियातल्या इंचॉन बंदराच्या जकात फाटकावर लोकांची गाठोडी सोडून तपासण्यात गेलेला. निवृत्त झाले, पण हाताला लागलेला संशय काही सुटला नाही.

ओक-सुनच्या कॉमिक्सच्या वाचनघरात ते रोज दुपारी येत, भिंतीला पाठ लावून बसत. नूडल्सचा वाडगा आला की वरचं अंडं बाजूला सारून तळाशी काय आहे ते आधी बघत. ओक-सुन माणूस बघून पुस्तक काढून देई. कुणाला कुठली गोष्ट लागेल हे तिला कळे. कसं कळे ते सांगता येत नसे. नामकाकांना मात्र ती मारामारीचीच पुस्तकं देई. त्यांची मुलगी हे-रिम त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून सुवॉनला गेली होती. तिचं नाव निघालं की काका वाडगा सरकवून उठत.

त्या शनिवारी ओक-सुनने एक जाड चित्रकादंबरी त्यांच्यापुढे ठेवली. जपानहून आलेली. शब्द जवळजवळ नाहीतच. एक बाप, एक मुलगी.

“कुणी द्यायला सांगितलं?” काकांनी विचारलं.

“कुणी नाही. वाचा तर.”

सकाळी हे-रिम वाचनघराच्या दारापाशी येऊन गेली होती. संध्याकाळी सुवॉनला तिच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. बाबा येतील का, एवढंच तिने विचारलं. पुस्तक मात्र ओक-सुनने आपल्या मनाने काढलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

काकांनी पुस्तक संपवून गल्ल्यापाशी आणून ठेवलं.

“साखर घातलीय नुसती. रिकाम्या घरात म्हातारा. मग मुलगी गाडीतून परत येते, लहान लहान होत जाते, शेवटी त्याच्या खांद्यावर. असं होतं कुठे? मला पाघळवायला तिनेच धाडलंय हे. आली होती ना?”

ओक-सुनच्या आत्ता लक्षात आलं. जपानी पुस्तक आपल्या उलट, उजवीकडून उघडायचं असतं. नव्या गिऱ्हाइकाला ती हे न चुकता सांगे. आज विसरली, की सांगितलं नाही, हे तिचं तिलाच कळेना.

“आली होती,” ती म्हणाली. “तुम्ही याल का विचारत होती. पण पुस्तक मीच निवडलं. आणि काका, तुम्ही ते मागून वाचलंत. खांद्यावरची मुलगी पहिल्या पानावर आहे. ती मोठी होते, गाडीत बसते. तो दार लावून घेतो. पुढे पानं नाहीत.”

काकांनी पुस्तक उचललं, गाठोड्यासारखं उलटसुलट केलं आणि उजवीकडून उघडलं. खांद्यावरच्या मुलीपाशी बराच वेळ थांबले. पुढचं पान उलटलं नाही.

तेवढ्यात नूडल्स आल्या. अंडं वरच तरंगत राहिलं. काकांनी बूट चढवले, कधी न वापरलेलं, स्टेशनच्या बाजूचं दार ढकललं आणि बाहेर पडले.